शनिवार-रविवारचे कॉलेज

(मंडळाच्या जानेवारी २०२५ मधील हळदीकुंकू समारंभात केलेले भाषण)



आतून आल्याच्या चहाचा वास येऊ लागला आहे, तेव्हा मी फार वेळ घेणार नाही, असे म्हणण्याची आपल्याकडे पद्धत आहे. पण चिटणीसबाईंनी मला अर्धा तास दिला आहे आणि तो मी सगळा घेणार आहे. मला दोन गोष्टी सांगायच्या आहेत. त्यांतली एक तुम्हा सर्वांना ठाऊक आहे. दुसरी ह्या खोलीत फक्त आमच्या सासूबाईंना ठाऊक आहे. पहिली सांगता सांगता दुसरी सांगण्याचा धीर येईल, असा माझा हिशेब आहे.

पहिली गोष्ट अशी की गेल्या ऑगस्टपासून दिवाळीपर्यंत मी दर शनिवारी आणि रविवारी दुपारी दोन ते पाच कॉलेजात जात होते. खांद्याला पिशवी, पिशवीत वही, पाण्याची बाटली आणि चष्मा. वाटेत भेटलेल्या किती जणींनी विचारले, "कुठे निघालीस एवढ्या उन्हाची?" मी "जरा काम आहे," म्हणून पुढे होत असे. मग कोणी म्हणाले, शिवणाचा क्लास लावला. कोणी म्हणाले, साखर वाढली म्हणून चालायला जाते. खरे ते असे की आपल्या गावातल्या एका कॉलेजाने वेब डिझाइनचा प्राथमिक अभ्यासक्रम काढला होता, तीन महिन्यांचा, आणि मी त्यात नाव घातले होते. फोनवर बोट लावले की जी पाने उघडतात ती कशी लिहावीत आणि कशी मांडावीत, हे शिकवणारा तो वर्ग.

पंचेचाळीस वर्षांच्या बाईला हे कोठून सुचले, हे सांगायचे तर महापुरापासून सुरुवात करावी लागेल.

२२ जुलै २०२१ चा दिवस आपल्या चिपळूणात कोणाला सांगायला नको. वाशिष्ठी बाजारपेठेत शिरली, आणि पाणी ओसरल्यावर आपण सगळ्या जणी खराटे आणि घमेली घेऊन मंडळाच्या तेव्हाच्या तळमजल्यावरच्या खोलीत गेलो. लोखंडी कपाट आडवे पडले होते. १९८५ पासूनची इतिवृत्ते, पावती पुस्तके, फोटो, स्मरणिका, सगळ्याचा एक ओला गोळा झाला होता. तुम्हाला आठवत असेल, आमच्या गच्चीत आपण दोऱ्या बांधल्या आणि स्मरणिकांची पाने चिमटे लावून वाळत घातली. साध्या कागदाची पाने सुटली, गुळगुळीत कागदाची चिकटली ती चिकटलीच. तो चिखलाचा वास माझ्या नाकातून पुष्कळ दिवस गेला नव्हता. एकंदर नऊ स्मरणिका वाचल्या, त्याही कोठे अर्ध्या, कोठे पाऊण.

पुढे कार्यकारिणीत ठराव झाला की चाळिसाव्या वर्षापर्यंत हे सारे इंटरनेटवर नेऊन ठेवावे, म्हणजे पुन्हा पाणी आले तरी मंडळाचा इतिहास वाहून जाणार नाही. एका गृहस्थांनी पंचवीस हजार रुपये सांगितले. मंडळाच्या शिलकेत तेव्हा किती होते ते खजिनदार म्हणून मलाच ठाऊक, म्हणून मी मान खाली घातली. पुण्याला असलेली आमची मुलगी म्हणाली, "मी करून देते," आणि वर्षभर तिला वेळ झाला नाही. शेवटी एकदा फोनवर तिनेच म्हटले, "आई, तूच का शिकत नाहीस?" तिने ते वैतागून म्हटले होते. मी ते धरून बसले.

कॉलेजाच्या फाटकावरील सूचनेत अट एकच होती, इंग्रजी अक्षरओळख असावी. फी अडीच हजार रुपये. ती मी फराळाच्या पैशांतून भरली. अर्जात 'शैक्षणिक पात्रता' असा एक रकाना होता. त्यात मी 'गृहिणी' असे लिहिले. कारकुनाने ते वाचले, माझ्याकडे पाहिले, पुन्हा कागदाकडे पाहिले आणि शिक्का मारला. भला माणूस असावा.

पहिल्या दिवशी मी वर्गाच्या दारात उभी राहिले तर आतली सगळी मुले उठून उभी राहिली. त्यांना वाटले, नव्या मॅडम आल्या! मी गडबडीने "बसा बसा" म्हटले, त्यामुळे त्यांची अधिकच खात्री पटली. मग मी मागच्या बाकावर जाऊन बसले तेव्हा कोठे उलगडा झाला आणि वर्ग हसला. मीही हसले, पण कानशिले तापली होती. ती का तापली, ते पुढे येईलच.

आमच्या मॅडम तिशीच्या. माझ्या मुलीपेक्षा सहासात वर्षांनी मोठ्या. त्यांनी पहिला तास इतिहासाला दिला आणि ते मला आवडले. जिनीव्हा शहराजवळ, स्वित्झर्लंड आणि फ्रान्स यांच्या सीमेवर, सर्न नावाची मोठी संशोधन संस्था आहे. तेथे १९८९ साली टिम बर्नर्स-ली नावाच्या गृहस्थांनी योजना मांडली की निरनिराळ्या संगणकांवर पडलेली माहिती एकमेकींना जोडावी, एका पानावरून दुसऱ्या पानावर जाता यावे. १९९१ पर्यंत ते काम उभे राहिले. आणि ३० एप्रिल १९९३ रोजी सर्न संस्थेने जाहीर केले की ही वस्तू साऱ्या जगाला मोफत आहे, कोणीही वापरावी, कोणालाही पैसे देऊ नयेत.

मॅडम पुढे गेल्या, मी मात्र त्या तारखेपाशी अडकले. आमच्या वेळी वार्षिक निकाल एक मेला लागायचा. म्हणजे ह्या घोषणेच्या दुसऱ्या दिवशी मी गुहागर तालुक्यातल्या एका वाडीवरच्या शाळेत निकालाचा कागद हातात घेऊन उभी होते. ती माझी शेवटची वेळ. असो.

आता हे पान लिहितात कसे, ते थोडक्यात सांगते. संगणकात कोऱ्या वहीसारखी एक सोय असते, नोटपॅड म्हणतात. वर्गातली मुले मोठी चलाख. हल्ली यंत्राला नुसते सांगितले की ते अख्खे पान लिहून देते, म्हणून त्यांचा आग्रह की तसेच करू. मॅडमनी ऐकले नाही. पहिला महिना सगळे हाताने लिहायचे. त्या लिहिण्याच्या पद्धतीला एचटीएमएल म्हणतात. मजकूर आपलाच. त्याच्या मागेपुढे खुणा करायच्या, त्यांना टॅग म्हणायचे. टोकदार कंसात एक इंग्रजी अक्षर. परिच्छेद असेल तर 'पी', मथळा असेल तर 'एच' आणि आकडा. सुरुवातीला एक खूण, संपले की तीच खूण, फक्त अक्षरापूर्वी एक तिरकी रेघ.

मला हे झाकणाच्या डब्यांसारखे वाटले. डबा उघडला की झाकण लावायचेच. डब्यात डबा असेल तर जो शेवटी उघडला त्याचे झाकण आधी. मुलांचे येथेच चुकायचे. माझे एकदाच चुकले. अनारशाच्या कृतीत 'गूळ बेताचा' एवढेच दोन शब्द ठळक करायला गेले, झाकण लावायचे राहिले आणि त्याखालचे अख्खे पान जाड अक्षरांत ओरडू लागले.

इंग्रजीची भीती फार होती. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून असे. पण ह्या कामाला लागणारे इंग्रजी शब्द मोजून चाळीसपन्नास, आणि तेच ते पुन्हा येतात. ते मी फळीला चिकटवलेल्या कागदावर लिहून ठेवले आणि पोळ्या लाटताना पाठ केले. आमचे हे जेवायला बसले की वाचून दाखवायचे आणि हसायचे. पण रविवारी दुपारी दुकान बंद असल्याने घरचा चहा तेच करीत, हेही सांगितले पाहिजे.

दुसऱ्या महिन्यात सजावट आली. तिला सीएसएस म्हणतात आणि तिची वही वेगळी ठेवायची. मजकूर एका फाइलीत, रंगरूप दुसरीत. मथळ्याचा रंग एके ठिकाणी बदलला की पन्नास पानांवरचा बदलतो. रंगही नावाने कमी आणि आकड्याने जास्त सांगतात. तांबडा किती, हिरवा किती, निळा किती. मी हौसेने मंडळाच्या पानाला हळदीचा पिवळा रंग दिला. पांढऱ्या पाठीवर हळदीची अक्षरे. मॅडमनी मोजण्याचे साधन लावून दाखवले. साध्या अक्षराच्या आणि पाठीच्या रंगांत निदान साडेचारास एक एवढा फरक पाहिजे, माझा दोनासही पोचेना. "ताई, तरुण डोळ्यांनासुद्धा हे वाचता येणार नाही," त्या म्हणाल्या. मग अक्षरांना कुंकवाचा गडद रंग घेतला.

पण एका बाबतीत मी मॅडमना शिकवले, ते सांगितल्यावाचून राहवत नाही. त्यांची सगळी उदाहरणे इंग्रजीतली. मथळा ऐसपैस दिसावा म्हणून अक्षरांमध्ये जागा सोडायची एक सूचना असते. इंग्रजीत ती छान दिसते. मी ती आपल्या मंडळाच्या नावाला दिली आणि शिरोरेषा तुटली. अक्षर न् अक्षर सुटे, तोरणाचा दोरा काढून घेतल्यावर पाने पडतात तसे. मॅडमनी जवळ येऊन पाहिले आणि म्हणाल्या, "मराठीला हे द्यायचं नाही, हे माझ्या ध्यानात नव्हतं आलं." तसेच ओळींमधल्या अंतराचे. इंग्रजीच्या मापाने ओळी ठेवल्या तर वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या वेलांट्या एकमेकांत अडकतात. अंतर वाढवावे लागते.

एकदा तर माझे सगळे मराठी नाहीसे झाले. पानाच्या डोक्यावर एक ओळ लिहावी लागते, अक्षरे कोणत्या पद्धतीने साठवली आहेत ते सांगणारी. ती राहिली. पान उघडले तर टोप्या घातलेल्या इंग्रजी 'ए'ची रांगच्या रांग! माझ्या पोटात गोळाच आला. ओळ घातली आणि सगळी अक्षरे जागच्या जागी परत आली. आणि 'पुऱ्या' हा शब्द? आठवडाभर मी 'पुर्या' असा पाहत होते आणि मनात चरफडत होते. मग कळले की आपल्या ह्या 'ऱ्या'साठी खाली टिंब असलेला 'ऱ' निराळा ठेवलेला आहे. मराठी कळफलकावर 'र'च्याच कळीवर शिफ्ट दाबले की तो येतो, त्याला हलन्त देऊन पुढे 'य' लिहायचा. एवढ्याशा गोष्टीने त्या दिवशी मला जे बरे वाटले, ते विचारू नका.

सप्टेंबरात गणेशचतुर्थी शनिवारीच आली, म्हणून तो आठवडा बुडाला. कोकणात त्या दिवशी कोण येणार? त्यानंतर मॅडमनी सांगितले की आता प्रत्येकाने खरे काम करायचे. कोणी मित्राच्या सलूनचे पान घेतले, कोणी क्रिकेटच्या संघाचे. मी मंडळाचे घेतले.

नऊ स्मरणिकांची पाने मी फोनने टिपली, रंगीत चौकटी केल्या आणि एकाखाली एक लावून दिली. दोन संध्याकाळींत काम झाले. पान दिसायला सुरेख दिसत होते. डाग पडलेली ती जुनी पाने, कुंकवाच्या रंगाचे मथळे! मी ते घरी आणले आणि सासूबाईंच्या हातात फोन दिला.

तुम्ही जाणताच, मंडळ काढणाऱ्या सात जणींतल्या त्या एक. आज ऐंशीच्या आहेत. काचबिंदूने दृष्टी जवळजवळ गेली आहे. उजेड-अंधार आणि माणसाचा आकार एवढे कळते. पण त्यांच्या फोनमध्ये टॉकबॅक नावाची सोय आहे. बोट फिरवले की काय लिहिले आहे ते फोन बोलून दाखवतो. निरोप, बातम्या, पंचांग, सगळे त्या अशाच ऐकतात. मी म्हटले, "आई, मंडळाच्या स्मरणिका. तुमच्या पहिल्या अंकापासून."

त्यांनी बोट फिरवले. फोन म्हणाला, "इमेज." बोट पुढे गेले. "इमेज." आणखी पुढे. "इमेज."

असे दहाबारा वेळा झाले. त्यांनी फोन मांडीवर ठेवला आणि म्हणाल्या, "अगो, ह्यात काही लिहिलेलंच नाही."

मी त्या पानांत चाळीस वर्षे भरून आणली होती, आणि त्यांच्या लेखी ते पान कोरे होते. कारण मी अक्षरे आणलीच नव्हती, अक्षरांचे फोटो आणले होते. आपल्याला ते दोन्ही सारखेच दिसते. यंत्राला अक्षराचा फोटो आणि भिंतीचा फोटो यांत काही भेद नाही.

मॅडमना सांगितले तर त्या म्हणाल्या की हे त्या पुढच्या आठवड्यात शिकवणारच होत्या. सगळे मराठी संगणकात अक्षर म्हणून उतरवले पाहिजे. मग ते वाचून दाखवता येते, त्यात शोधता येते, मोठे करता येते. पानाच्या डोक्यावर 'ही भाषा मराठी' असेही लिहावे लागते, नाही तर देवनागरी पाहून यंत्र त्याला हिंदीही समजू शकते. मथळे नुसते मोठे करून चालत नाहीत, मथळ्याच्याच खुणेने करावे लागतात, म्हणजे न पाहणारा माणूस मथळ्यावरून मथळ्यावर उडी मारून हवे ते गाठतो. आणि वजनाचाही हिशेब आहे. माझे एकेक फोटो चार मेगाबाइटचे, असे एकशेवीस. डोंगरावरच्या वाडीत ते पान कोणाला उघडेल? तोच मजकूर अक्षरांत, एका देवनागरी चिन्हाला तीन बाइट धरले, तरी वीस हजार चिन्हांच्या एका अंकाला साठ किलोबाइट. म्हणजे एका फोटोच्या जागेत सगळ्याच्या सगळ्या स्मरणिका मावतात आणि वर जागा उरते.

वर्गातल्या एका मुलाने मला गूगल लेन्स दाखवले. फोटोवरून अक्षरे उचलणारे. स्वच्छ पानांवर ते उत्तम चालले. पण पुरात भिजलेल्या पानांवर 'हळदीकुंकू'चे 'हकदीककू' झाले आणि वर्गणीचे आकडे तर काहीच्या काही. ती पाने मी हाताने टंकली. रात्री जेवणे आटोपली की बसायची, चकल्यांच्या ऑर्डरी सांभाळून. मी टंकायचे आणि सासूबाईंनी ऐकून चूक काढायची, असा क्रम पडला.

आणि आता दुसरी गोष्ट. २०१० ची रौप्यमहोत्सवी स्मरणिका. तिचे कार्यकारिणीचे पान गुळगुळीत कागदाचे, अर्धे चिकटलेले, ते लेन्सला मुळीच वाचता येईना. ते हातानेच टंकायचे होते. नाव, पद, शिक्षण असे तीन रकाने. अध्यक्षा, बी. ए. चिटणीस, बी. एड. आणि खजिनदार, माझे नाव, आणि पुढे 'एस. एस. सी.'

भगिनींनो, मी दहावी झालेली नाही. मी सातवी आहे.

तेव्हाच्या चिटणीसबाईंनी यादी करताना मला विचारले होते, "दहावी ना?" आणि मी मान हलवली होती. चिटणीसबाई, तुम्ही येथे बसला आहात, तुमची त्यात काही चूक नाही. आमच्या वाडीवर शाळा सातवीपर्यंत. आठवीला खाडी ओलांडून जावे लागे. वडील मुंबईला गिरणीत होते, १९८२ च्या संपानंतर गावी परतले होते, घरात मागची तीन भावंडे. मला कोणी शाळेतून काढले असे झाले नाही. जून उजाडला आणि कोणी काही बोललेच नाही, एवढेच. लग्नानंतर ह्या गावात आले, मंडळात आले. हिशेब चोख ठेवते म्हणून तुम्ही खजिनदार केलेत, आणि त्या रकान्यात 'सातवी' म्हणण्याची मला लाज वाटली. पंधरा वर्षे ती छापील ओळ कपाटात होती. पुराने इतकी पाने नेली, ही नाही नेली.

फोटो लावला असता तर ते तसेच राहिले असते. कोणी वाचले नसते, फोनने "इमेज" म्हटले असते. पण आता मला स्वतःच्या बोटांनी 'एस', टिंब, 'एस', टिंब, 'सी' असे उठवायचे होते आणि शेजारी सासूबाई कान देऊन बसल्या होत्या. अध्यक्षांची ओळ झाली, चिटणीसांची झाली. माझ्या ओळीवर माझा हात थांबला. त्या म्हणाल्या, "काय झालं? चिकटलंय का पान?"

मी 'सातवी' असे टंकले. फोनने ते मोठ्याने वाचले. माझे नाव, खजिनदार, सातवी. त्या एवढेच म्हणाल्या, "हं. पुढे."

त्या रात्री मला झोप लागली नाही. लग्नात त्यांना काय सांगितले गेले होते, तेही मला नक्की ठाऊक नव्हते. सकाळी तुळशीला पाणी घालून त्या आत आल्या आणि ओट्याशी उभ्या राहून म्हणाल्या, "सल्लागार म्हणून माझं नाव आहे ना त्या पानावर? माझ्यापुढे काय छापलंय?" मी म्हटले, "व्हर्नाक्युलर फायनल." त्या म्हणाल्या, "ते खोड. चौथी लिही."

हे त्यांच्या परवानगीने सांगते आहे. त्या समोर बसल्या आहेत आणि हसताहेत.

मंडळाच्या घटनेत खजिनदाराला शिक्षणाची अट नाही. हे मी ती टंकताना दोनदा वाचून पाहिले! तरीही कोणाला प्रश्न विचारायचा असेल तर वार्षिक सभेत अवश्य विचारावा.

शेवटचे काम उरले होते फोटोंचे. फोटोला फोटोच ठेवायचे, पण त्याच्या मागे एक वाक्य लिहून ठेवायचे, ज्याला पाहता येत नाही त्याच्यासाठी. त्याला ऑल्ट म्हणतात. 'स्त्रियांचा फोटो' असे लिहून भागत नाही, पाहणाऱ्याला जे मिळते ते ऐकणाऱ्याला मिळाले पाहिजे, अशी मॅडमची शिस्त. आता १९८५ चा संस्थापिकांचा फोटो तुम्ही पाहिला आहे. डाव्या बाजूला पाणी चढले आणि तीन चेहरे पुसले गेले. मी पाहून लिहायचे तर काय लिहू? तीन पांढरे डाग?

मी सासूबाईंना विचारले. ज्यांना फोटोच दिसत नाही त्यांना मी फोटोत काय आहे ते विचारत होते. त्यांनी डोळे मिटले आणि डावीकडून सुरुवात केली. पहिली पोस्टमास्तरांची बायको, हातात गोट, उजवा हात पदराखाली, कारण त्याच सकाळी तिचे बोट विळीने कापले होते. दुसरी आपल्या पहिल्या अध्यक्षा, नऊवारी, चष्मा काढून हातात धरलेला, "फोटोत चष्मा नको म्हणून आम्हीच काढायला लावला." तिसरी सगळ्यांत लहान, पोटुशी, म्हणून खुर्ची तिला दिली आणि बाकीच्या उभ्या राहिल्या. मी टंकत गेले. फोटोत जे कोणालाच दिसत नाही, ते आता त्याच्या मागे लिहिलेले आहे. मग त्यांनी बोट फिरवले आणि स्वतःच सांगितलेले फोनच्या तोंडून ऐकले. दोनदा ऐकले. "चष्म्याचं काढून टाक," म्हणाल्या, "तिच्या नातवंडांना आवडायचं नाही." पुन्हा थोड्या वेळाने म्हणाल्या, "राहू दे."

२६ ऑक्टोबरच्या शनिवारी, वसुबारसेच्या दोन दिवस आधी, आम्ही आपापली पाने वर्गापुढे मांडली. मुलांची पाने झगमगीत होती, चित्रे सरकत होती. माझे साधेच. मॅडमनी पडदा बंद केला आणि प्रत्येकाचे पान फोनकडून वाचून घेतले. सलूनचे पान "इमेज, इमेज, बटन," एवढेच बोलले. पोरगा बिचारा खजील झाला. मग मी त्याला कसे दुरुस्त करायचे ते दाखवले. तो मला 'आंटी' म्हणत असे, त्या दिवसापासून 'काकू' म्हणू लागला. प्रमाणपत्र मिळाले आहे. त्यावर माझ्या नावातली वेलांटी चुकली आहे, ती दुरुस्त करून मागितली आहे.

पान अजून खुले केलेले नाही. त्यात तुमची नावे आहेत, काहींचे पत्ते आणि फोन क्रमांक जुन्या अंकांत छापलेले होते. ते मी गाळले आहेत. नावाबद्दल कोणाची हरकत असेल तर महिनाअखेरपर्यंत मला सांगावे. आणि शिक्षणाचा रकाना कोणाला बदलून हवा असेल तर तोही बदलून मिळेल, कारण विचारणार नाही.

एक विनंती आहे. १९९१, १९९६ आणि २००३ ह्या सालांच्या स्मरणिका आपल्याजवळ नाहीत. कोणाच्या माळ्यावर, माहेरी, ट्रंकेच्या तळाशी असतील तर आणून द्याव्यात. भिजलेल्या असल्या तरी चालतील. सासूबाई म्हणतात, १९९६ च्या अंकात त्यांचा लेख आहे आणि तो त्यांना ऐकायचा आहे.